वाचायला शिकणं आणि ख्रिस्ती विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगर जिल्ह्यातल्या आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मोठ्या बायकांचा वाचनवर्ग भरतो. त्याबद्दल इतर चर्चच्या मंडळ्यांतून तेच तेच प्रश्न येत राहतात, कधी उपासनेनंतर पायरीवर, कधी मोबाइलवर. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एखादी गोष्ट दोन ठिकाणी लागू पडत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तारण (पापातून सुटका) होण्यासाठी वाचता यावं लागतं का? माझी आई अंगठेबहाद्दर आहे, पण तिची प्रार्थना ऐकून पाळकसाहेबसुद्धा गप्प होतात.

नाही, लागत नाही. विश्वास ऐकण्याने येतो असं प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (१०:१७, म्हणजे अध्याय १०, ओवी १७) लिहिलं आहे, आणि ते पत्रही बहुतेकांनी ऐकलंच असणार. कलस्सैकरांना तर तो सांगतोच की हे पत्र मंडळीत वाचून दाखवा. गंमत म्हणजे रोमकरांस पत्र पौलाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाही. तो सांगत गेला आणि तर्तियाने लिहून घेतलं. सोळाव्या अध्यायात तर्तिय मध्येच आपलाही नमस्कार घालतो.

मराठीतलंच उदाहरण हवं असेल तर गोव्यातलं बघा. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. हजारो ओव्यांचा तो ग्रंथ चर्चमध्ये लोक बसून ऐकत.

तेव्हा आईच्या तारणाची काळजी नको. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द मात्र घरातून काढून टाका. ती शिकायला बसली की सगळ्यात आधी तोच आठवतो.

२. मग शिकायचं कशाला? मोबाइलवर अख्खं बायबल ऐकायला मिळतं.

जरूर ऐका, आमच्या वर्गातल्या बायकाही भाकरी थापताना ऐकतात. पण ऐकणाऱ्याला दुसऱ्याने लावलेलंच ऐकावं लागतं. एखाद्याने अर्धंच वचन सांगितलं तर उरलेलं अर्धं काय होतं, हे तिला कळणार कसं? बिरुया गावच्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचं भाषण ऐकलं आणि तरी 'हा म्हणतो ते खरं आहे का' हे पाहायला ते रोज शास्त्र उघडून बसले (प्रेषितांची कृत्ये १७:११). आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक झालं आहे. ज्या मंडळीत चारच माणसांना वाचता येतं, तिथे त्या चौघांचं म्हणणं तपासणार कोण?

दुसरं कारण चर्चबाहेरचं आहे, पण मला ते पहिल्याइतकंच मोठं वाटतं. आमच्याकडच्या एका मावशींनी रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांच्या पाकिटांना दोन रंगांचे दोरे बांधले होते, सकाळचा लाल, रात्रीचा काळा. घर सारवताना दोरे सुटले. मावशी दोन दिवस गोळ्याच न घेता बसून राहिल्या, कारण सून माहेरी गेलेली आणि शेजारणीला विचारायची लाज वाटत होती. यशया २९:१२ मध्ये पुस्तक हातात दिल्यावर 'मला वाचता येत नाही' म्हणणारा माणूस आहे. तो मला त्या दोन दिवसांतल्या मावशींसारखा दिसतो.

३. शास्त्रातच लिहिलंय, "लेख जिवे मारतो". मग अक्षरांचा एवढा आग्रह का?

२ करिंथकर ३:६ मधला हा तुकडा आम्हाला वर्षातून दोन-तीनदा तरी ऐकवला जातो. तिथे पौल दगडी पाट्यांवर कोरलेल्या नियमशास्त्राबद्दल आणि आत्म्याने दिलेल्या नव्या कराराबद्दल बोलतो आहे. अआइई बद्दल नाही. शिवाय हे वाक्य त्याने पत्रात लिहून पाठवलं. अक्षराचा तिटकारा असता तर त्याने निरोप्या धाडला असता.

४. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान निरक्षर होते. त्यांचं काही अडलं का?

प्रेषितांची कृत्ये ४:१३ मध्ये न्यायसभेला ते दोघे अशिक्षित, सामान्य माणसं वाटतात. शास्त्र्यांच्या शाळेत रीतसर न शिकलेले, असा तिथला रोख आहे. सभेला आश्चर्य वाटलं ते त्यांच्या धैर्याचं. यावरून न शिकण्याची शेखी मिरवायची असेल तर प्रभू येशूकडेही बघावं लागेल. नासरेथच्या सभास्थानात तो वाचायला उभा राहिला, यशयाचा ग्रंथ उलगडला आणि नेमकी जागा काढली (लूक ४). आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तो समोरच्यांना पुन्हा पुन्हा एकच विचारतो: तुम्ही वाचलं नाही काय?

५. मराठी ख्रिस्ती समाजाचा वाचनाशी एवढा संबंध कुठून आला?

याला थोडं लांब उत्तर लागेल.

मुळात संडे स्कूल ही संस्थाच वाचन शिकवायला निघाली. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये कामावर जाणाऱ्या गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली, कारण त्यांना सुट्टी तेवढीच. आता आपण तिथे गाणी आणि चित्रं रंगवणं ठेवलं आहे, वाचन घरच्यांवर सोडून.

इकडे अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८२४ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये आल्या आणि आधी मुंबईत, मग नगरला मुलींना शिकवत राहिल्या. १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. याच 'ज्ञानोदया'त १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापला गेला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचं धर्मपुस्तक कोणतं, असा थेट सवाल तिने केला आहे. ती ख्रिस्ती नव्हती. पण वाचण्याचा हक्क आणि माणूस म्हणून असणं यांचा संबंध तिच्याइतका स्वच्छ आमच्या कुठल्याही प्रवचनात मी ऐकलेला नाही.

मग पंडिता रमाबाई. त्यांच्या वडिलांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाबाईंना. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना वाचायला शिकवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः बायबलचं मराठी भाषांतर केलं. भाषा अशी धरली की चार बुकं शिकलेल्या बाईलाही कळावी. खिळे जुळवून छापण्याचं कामही तिथल्या बायकांनी केलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. आपल्याच भाषेतली आवृत्ती एका बाईने केली आणि बायकांनी छापली, हे आमच्या वर्गात सांगितलं की पाठ ताठ होते.

आणि लक्ष्मीबाई टिळक. शाळेत न गेलेल्या. त्यांचे पती, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी घरात शिकवलं तेवढंच. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्रावरचं काव्य अपुरं होतं, ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी.

६. पण मिशनच्या शाळा धर्मप्रचारासाठीच होत्या ना?

त्या हेतूने निघाल्या होत्या, लपवण्यात अर्थ नाही. पण वाचायला शिकवलं की माणूस काय वाचेल हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे स्वतःच्या वाटेने गेले. आजच्या वर्गांबद्दल प्रश्न ११ पाहा.

७. आई बासष्ट वर्षांची आहे. आता डोक्यात काही शिरत नाही म्हणते. खरंच जमेल का?

आधी डोळे तपासा. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसतं हे शिकलेल्यांना लगेच कळतं, कारण पेपर वाचताना हात लांब जातो. जिने कधी पेपर धरलाच नाही तिला कळत नाही. सुई ओवता येत नाही एवढंच ती सांगेल. आमच्याकडे पहिल्याच वर्षी तिघींना 'मंद' समजून मी जास्त सराव दिला होता. तिघींनाही फक्त वाचायचा चष्मा हवा होता. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

चष्मा झाला की बासष्ट हे काही फार वय नाही. वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा तास-दीड तास आणि घरी रोज दहा मिनिटं पाटी धरली तर आमच्याकडे साधारण एका शेतीच्या वर्षात, म्हणजे एका पेरणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत, बाई सोपी ओळ अडखळत का होईना वाचते. सुगीत वर्ग बंद पडतो हे धरूनच चाला.

८. सुरुवात बायबलपासूनच करावी का?

इच्छा सगळ्यांची तीच असते, पण अक्षरांच्या बाजूने पाहिलं तर अवघड जातं. आपल्या प्रभूचं नावच बघा. 'येशू' सोपं, दोन अक्षरं. पण 'ख्रिस्त' या एका शब्दात दोन जोडाक्षरं, आणि सुट्टा ख तर नवशिक्याला हमखास 'रव' दिसतो. 'प्रभू', 'स्वर्ग', 'कृपा' या तीन शब्दांत 'र'चा उच्चार तीन वेषांत येतो: एकदा पायाशी तिरपी रेघ, एकदा डोक्यावर रफार, एकदा खाली ऋकार. हे पहिल्या महिन्यात समोर आलं तर बाई पाटी खाली ठेवते.

आम्ही ग, म, भ, न पासून निघतो. हात एका वळणाने जातो आणि लगेच शब्द होतात: मग, नग, गगन, मन. मग काना आला की 'नाव', 'बाप', 'मका', 'पाव'. 'देव' हा शब्द मात्रा शिकवल्याच्या दिवशीच काढतो. तो फळ्यावर पहिल्यांदा स्वतः वाचताना एका आजींनी पदर डोक्यावर घेतला होता.

अंकही लवकर घ्या, नाहीतर अध्याय आणि ओवी सापडायची नाही. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही अंक. इंग्रजी नऊ आणि मराठी एक सारखे दिसतात, इंग्रजी आठ आणि मराठी चार पण. एसटीच्या पाटीवर यात चूक झाली तर माणूस भलत्याच गावी उतरतो.

९. सासूबाई तेविसावं स्तोत्र घडाघडा वाचतात, पण दुसरं पान दिलं की गप्प. असं का?

त्या वाचत नाहीत, म्हणतात. आयुष्यभर ऐकून पाठ झालेलं असतं आणि बोट नुसतं ओळीवरून फिरतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हणून होईपर्यंत बोट तिसऱ्या ओळीवर पोचलेलं मी पाहिलं आहे. यात फसवणूक नाही. आपण वाचतोय असंच त्यांना मनापासून वाटत असतं, म्हणून चारचौघांत उघडं पाडू नका.

उपाय सोपा आहे. ओळीचा शेवटचा शब्द आधी विचारायचा, मग त्याच्या आधीचा. उलटं गेलं की पाठांतर मदतीला येत नाही, डोळ्यांना काम करावं लागतं. नंतर मात्र हेच पाठांतर फार उपयोगी पडतं. पुढचा शब्द कोणता असणार हे माहीत असल्यामुळे जोडाक्षर ओळखायला धीर येतो. शून्यातून शिकणाऱ्या बाईपेक्षा तुमच्या सासूबाई पुढे आहेत.

१०. नवीन वाचणाऱ्याला कोणतं बायबल द्यावं?

मोठ्या अक्षराचं. आवृत्तीचा विचार त्यानंतर. बायबल सोसायटीची चर्चमध्ये वाचली जाणारी आवृत्ती कानाला ओळखीची असते, म्हणून प्रश्न ९ मधल्यासारख्या बायकांना तीच बरी पडते. तरुण किंवा नव्याने विश्वासात आलेल्यांना सोप्या मराठीतली आवृत्ती द्या. सुरुवात मार्कापासून करा, प्रसंग छोटे आहेत आणि गोष्ट पळते. मत्तयाने सुरुवात केली तर पहिल्याच पानावर वंशावळी: यहोशाफाट, जरूब्बाबेल. मी एकदा ही चूक केली आहे.

११. वर्गाला शेजारच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान बायकाही येतात. प्रार्थना घ्यायची का? लोक धर्मांतराचा आरोप करतील.

आमच्या मंडळीत यावर दोन मतं होती. ठरलं ते असं: वर्ग हा वर्ग. प्रार्थना हवी असेल त्यांनी पंधरा मिनिटं आधी यावं. सगळ्यांसाठीचं वाचन साधं: गोष्टी, बाजाराची यादी, दवाखान्याचा कागद. बायबलचं वाचन ज्यांना हवं त्यांचं, वेगळ्या वेळी. हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर आणि त्यांच्या घरच्यांसमोर सांगायचं आणि तसंच वागायचं.

वडीलमंडळींपैकी एकांना हे पटलं नव्हतं, 'मग आपण आणि सरकारी वर्ग यांत फरक काय' म्हणाले. मला वाटतं, अक्षराच्या बदल्यात काही मागणं हे दान नव्हे. फ्रँक लॉबाक हे मिशनरी फिलिपीन्सच्या लानाओ भागात मुसलमान मारानाव लोकांना त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवायचे. शिकलेल्या प्रत्येकाने आणखी एकाला शिकवायचं, ही रीत तिथूनच जगभर गेली. आमच्या वर्गातली आत्ताची सगळ्यात चांगली शिकवणारी ताई बौद्ध आहे.

१२. नवरा म्हणतो, या वयात शाळा कशाला? सासूही टोमणे मारते.

भांडू नका. पाळकसाहेबांना घरी चहाला बोलवा आणि विषय त्यांना काढू द्या. पुरुषमाणसाने सांगितलेलं पटतं हे लिहिताना मला राग येतो, पण काम होतं. दुसरी युक्ती: पहिल्यांदा घरात वाचून दाखवायचं ते वीजबिल. टोमणे बरेच कमी होतात. सासूला स्वतःला शिकायचं असतं आणि म्हणून ती चिडते, असंही दोन घरांत निघालं.

१३. उपासनेत वाचनाची पाळी येते आणि माझी जीभ अडखळते. लोक हसतात. पाळी नको म्हणू का?

नको म्हणू नका, ओवी आठवडाभर आधी मागून घ्या. चार ओळी पुरेत. आणि चालकांनी सगळ्यांना आधीच द्यावी, म्हणजे 'हिला म्हणून दिली' असं होत नाही. नहेम्या ८:८ मध्ये लेवी (मंदिराचे सेवक) स्पष्ट वाचतात आणि अर्थ सांगतात. वेगाने वाचतात असं तिथे नाही. आमच्याकडे सगळ्यात घाईत वाचणारे पदवीधर आहेत आणि शेवटच्या बाकावर एक शब्द पोचत नाही.

१४. आमची नातवंडं इंग्रजी माध्यमात. मराठी बोलतात, पण मराठी बायबल वाचता येत नाही. हेही निरक्षरपणच का?

मराठीपुरतं, हो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर आहे, स्त्रियांची सुमारे ७६ टक्के. पण कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता आलं की जनगणना साक्षर धरते, त्यामुळे तुमची नातवंडं त्यात बसतात. त्यांच्यासाठी चर्चमध्ये पडद्यावर भजनाचे शब्द रोमन अक्षरांत लावून काम भागवतात. ख्रिस्तपुराणही रोमन लिपीतच होतं (प्रश्न १), तेव्हा लगेच नाक मुरडू नका.

आम्ही जोड्या लावल्या. आजी नातवाला ग म भ न शिकवते, नातू आजीला मोबाइलवरचे इंग्रजी अंक. कोण लवकर शिकतं यावरून घरात पैजा लागतात. आतापर्यंत आज्या पुढे आहेत.

१५. मुलगा नऊ वर्षांचा, हुशार आहे, पण अक्षरं उलटसुलट वाचतो. कुणी म्हणतं प्रार्थना कमी पडते, कुणी म्हणतं घरात काही पाप आहे.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं, याने पाप केलं की आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाही म्हटलं. तुम्हाला सांगणाऱ्यांना तो अध्याय वाचायला द्या.

मुलाची तपासणी करून घ्या. ही अध्ययन अक्षमता असू शकते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मिळतात. शाळेशी बोला. तोपर्यंत संडे स्कूलमध्ये त्याला सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. गोष्ट सांगायला द्या.

१६. ज्यांना दिसतच नाही त्यांचं काय?

केडगावला रमाबाईंच्या काळात अंध मुलींसाठी बार्तिमी सदन होतं आणि त्यांची कन्या मनोरमाबाई तिथे ब्रेल शिकवत. लहानपणापासून अंध असेल तर ब्रेल शिकवाच, कारण प्रश्न २ मधलं पहिलं कारण अंधांनाही लागू आहे. उतारवयात दृष्टी गेली असेल तर ऐकणं पुरे.

१७. आमचा वर्ग चर्चचा. बायकांना सरकारी प्रमाणपत्र मिळेल का?

मिळू शकतं. केंद्र सरकारचा 'उल्लास' कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे आणि १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी १५० गुणांची परीक्षा होते. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत गुरुजींकडे नोंदणीची चौकशी करा. परीक्षेच्या दिवशी चष्मा न्यायला विसरू नका (प्रश्न ७).

१८. आईला सही करता येते आता. पण बँकेत अंगठ्याचंच खातं आहे. काय करायचं?

शाखेत जाऊन सांगायचं की आता सहीने व्यवहार करायचा आहे. ते अर्ज देतील, ओळखपत्र मागतील आणि नमुना सही घेतील. मराठी सही चालते. फक्त ती दरवेळी सारखी आली पाहिजे, म्हणून जाण्याआधी पंधरा दिवस रोज वहीचं एक पान भरा. नाव लांब असेल तर आडनाव आणि आद्याक्षर ठेवा. रफार असलेलं आडनाव असेल तर तो रफार कुठे पडतो याकडे लक्ष द्या, घाईत तो पुढच्या अक्षरावर सरकतो आणि खिडकीवरचा माणूस पुन्हा करा म्हणतो. आईबरोबर जा, पण अर्ज तिला भरू द्या. मागे रांग असली तरी.